आमची वाटचाल : आधी खुंट, मग भाव

जालना-अंबड रस्त्याला मोसंबीची कलमं विकणारे पुष्कळ. खुंट, म्हणजे ज्याच्यावर मोसंबी बांधतात ते खालचं मुळाचं रोप, कशाचा आहे, असं विचारणारं गिऱ्हाईक मात्र विरळा. आमची रोपवाटिका उभी राहिली ती खुंटावर, आणि बुडता बुडता वाचली तीही खुंटामुळेच.

2012-13 च्या दुष्काळात जायकवाडी तळाला गेलं. बागा उभ्या वाळल्या, लोकांनी कुऱ्हाडी लावल्या. कलमांची मागणी रद्द, घेतलेला इसार परत. पिशवीतलं रोप आपल्यासाठी थांबत नाही. मुळ्या तळाशी गोल फिरतात आणि असं कलम शेतात लावलं तरी कुढत राहतं. ती सगळी आम्ही फेकली. टँकरचं पाणी फक्त मोसंबीच्या मातृवृक्षांना घातलं. खुंटात बसवायचा डोळा, म्हणजे मोसंबीचा कोंब, ज्या काडीवर असतो त्या डोळकाड्या तिथूनच येतात, ती झाडं गेली तर उरतं काय?

पाऊस परतला तसा शेजारी एकाने रोपवाटिकेचा मांडव घातला. जंबेरी लिंबाचा खुंट, डोळा जमिनीपासून चार बोटांवर, भाव आमच्या निम्मा. जंबेरी भराभर वाढते, माल लवकर निघतो. पण भारी काळ्या रानात पाणी साचलं की डिंक्या रोगाला ती रंगपूर लिंबापेक्षा आधी बळी पडते, आणि डोळा खाली असला की मोसंबीची साल थेट मातीला टेकते. आम्ही रंगपूर लिंबावर 20 ते 25 सेंमी उंचीवर डोळा भरतो. गिऱ्हाईक तिकडे गेलं ते गेलंच. पुढे बुंध्यातून डिंक गळायला लागला, तेव्हा बुंध्याला लावायच्या बोर्डो पेस्टचं प्रमाण विचारायला आमच्या दारात! मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. सांगतो, फुकट सांगतो.

घनसावंगीकडचे एक मामा मात्र हलले नाहीत. वितीने सांध्याची उंची मोजायची, अंगठ्याने सांधा चाचपायचा, मग भावाचं बोलणं. "पालवी काय चाटायची हाय? खुंट दाखीव."

डोळा भरायच्या चाकूचं मात्र सांगायलाच हवं. पातं एका बाजूने घासलेलं, मागे साल उचलायला टोक. बोथट पात्याने साल चिरडते आणि चिरडलेली कड सांधत नाही. मातृवृक्ष बदलला की पातं स्पिरिटने पुसायचं. थंडीत, खुंट पेन्सिलएवढा झाला आणि साल सुटत असली की 3 सेंमीची उभी चीर, वर आडवी. डोळा देठासकट ढालीसारखा काढायचा, आत सरकवायचा, प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर आवळायचा, डोळा उघडा ठेवून. दोन-तीन आठवड्यांत देठ पिवळा पडून बोट लागताच गळला तर डोळा लागला. वाळून चिकटून राहिला तर गेला. मग खुंटाला फुटलेले धुमारे खुडत राहायचे, नाहीतर मोसंबीच्या जागी रंगपूरच वाढतं.

घरी दोन झाडं हवी असलेल्यांनी डोळ्याच्या फंदात पडू नये. कागदी लिंबू किंवा डाळिंबाची गुटी बांधा, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फुटवा, पावसाळ्यात. पेन्सिलजाड फांदीवर 2.5 सेंमी रुंदीचं सालीचं कडं काढा आणि खालचा चिकट थर पार खरवडा. बहुतेकांची गुटी इथेच फसते: थर राहिला की साल पुन्हा जुळते, मुळी फुटतच नाही. वरच्या कडेला आयबीए, म्हणजे मुळं फुटवणारं संजीवक, लावा. शेवाळ (मॉस) भिजवून घट्ट पिळा, मूठभर गुंडाळा, प्लास्टिक दोन्ही टोकांना करकचून बांधा. पाणी आत शिरलं तर सडतं. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली की आधी खालून अर्धी खाच, आठवड्याने पूर्ण काप. अर्धी पानं कमी करा, आणि पिशवीत लावून महिनाभर सावलीतच ठेवा.