फलटणपर्यंतच जायचे होते

आळंदीहून निघताना मी पंढरपूरला जाणार नव्हतो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्या फलटणमधून जाते, तिथेच माझे घर आणि औषधांचे दुकान आहे. तेव्हा आळंदीपासून चालत यायचे, पालखीचा तळ विमानतळाच्या मैदानावर पडला की पिशवी घरात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचे, एवढाच बेत होता. तोही माझा नव्हता, पत्नीचा होता. तिची आई माण तालुक्यातल्या एका दिंडीबरोबर वर्षानुवर्षे चालली होती आणि ती स्वतः दर वर्षी दुकानाच्या पायरीवर उभी राहून जाणाऱ्या वारकऱ्यांना बाम, चिकटपट्ट्या, जे हाती लागेल ते वाटत असे. मी गल्ल्यावर बसून त्याचा हिशेब मनात धरीत असे, हे आता कबूल करायला हरकत नाही. "एकदा आळंदीहून निघून आपल्या दारापर्यंत तरी चालायचंय," असे ती म्हणे. पुढे मूत्रपिंडे निकामी झाली आणि ते बोलणे थांबले.

तीन वर्षे आठवड्यातून दोनदा डायलिसिस होते. त्या तीन वर्षांत मी दोन गोष्टी रोज पाहिल्या. एक, खुणा केलेली पाण्याची बाटली, कारण दिवसाला किती घोट प्यायचे ते ठरलेले असे. आणि दुसरी, तिचे सुजलेले पाय. घोट्याच्या वर अंगठा दाबला की खळगा पडे आणि तो भरून यायला किती वेळ लागतो, यावरून पुढच्या दोन दिवसांचा अंदाज मला येत असे. ती गेल्यावर मी देव्हाऱ्यात दिवा लावणे बंद केले. शेजारच्यांचे डबे आले, ते मी भरलेलेच परत केले. कोणावर राग नव्हता. फक्त कोणाचे काही घ्यावेसे वाटत नव्हते.

२०२३ साली ११ जूनला आळंदीहून प्रस्थान झाले. सासूबाईंच्या दिंडीत मी भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरून नाव घातले होते, आणि सामानात कपड्यांपेक्षा जास्त जागा कापूस, गॉज, चिकटपट्टी, जंतुनाशक आणि मलमांनी घेतली होती. त्यामागे सेवेचा विचार नव्हता. औषधविक्या प्रवासाला निघाला की तो अर्धे दुकान बरोबर घेतो, एवढेच. त्या वर्षी पाऊस लांबला होता. दिंडीतले शेतकरी अभंग संपला की खोळंबलेल्या पेरण्यांचे बोलत, आणि डांबर दुपारी असे तापे की अनवाणी चालणारे रस्त्याच्या कडेची माती शोधीत चालत.

पुणे ते सासवड हा साऱ्या वाटेतला सर्वांत लांबचा टप्पा, तीसेक किलोमीटरचा, त्यात दिवे घाटाची चढण, आणि तो नेमका एकादशीला येतो. म्हणजे बहुतेक वारकरी उपासाच्या अंगाने तो चालतात. घाटाच्या मध्यावर एका अनोळखी बाईने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे धरला. "घ्या माउली, पोटभर घ्या," असे ती म्हणाली. त्या 'पोटभर' शब्दाने माझा घसा बंद झाला. मी तांब्या न घेताच पुढे गेलो आणि सासवड येईपर्यंत मागे वळून पाहिले नाही. एका साध्या माणुसकीला मी पाठ दाखवली, याची लाज मला त्या रात्री वाटली. त्या क्षणी वाटली नव्हती.

सासवडला पालखीचा मुक्काम दोन रात्रींचा असतो, त्यामुळे पहिल्या टप्प्यांत सोललेले सगळे पाय तिथे एकदम बोलू लागतात. राहुटीच्या तोंडाशी सत्तरी ओलांडलेली एक वारकरीण पाय पसरून बसली होती. टाचेवर लिंबाएवढा फोड आला होता आणि ती गोधडी शिवायच्या सुईत पांढरा दोरा ओवीत होती. सुई फोडाच्या एका बाजूने घालायची, दुसरीकडून काढायची आणि दोरा आतच ठेवायचा, म्हणजे पाणी त्याच्या कडेने झिरपत राहते, हा वारीतला जुना उपाय आहे. मला तो पाहवेना. मी म्हणालो, "मावशी, दोरा आत ठेवलात तर जंतू जातील."

"असू दे की लेकरा. सोळा वाऱ्या दोऱ्यावरच झाल्या."

बऱ्याच घासाघिशीनंतर तडजोड झाली. पाय साबणाने धुवायचा, सुई माझ्या जंतुनाशकात बुडवायची, फोडाची कातडी काढायची नाही, दोरा ठेवायचा नाही, आणि वर पट्टी मी बांधायची. टाच हातात घेतली तेव्हा माझा अंगठा आपसूक घोट्याच्या वर गेला आणि मी दाबून पाहिले. खळगा पडला नाही. हे मी का केले ते तिला कळले नाही. पण मी तसाच बसून राहिलो तेव्हा तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काही विचारले नाही. पट्टी झाल्यावर ती सरळ माझ्या पाया पडली. वारीत लहानथोर सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, हे मला ठाऊक होते. पण आईच्या वयाच्या बाईचे कपाळ माझ्या धुळीच्या पावलांवर टेकले, तेव्हा पाय मागे घ्यायलाही जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहुटीपुढे अकरा जण बसले होते. त्यानंतर रोज मुक्कामावर हेच काम झाले. नवे बूट घालून आलेले तरुण, ओले मोजे दिवसभर न बदलणारे नोकरदार, अंगठ्याचे नख काळेनिळे झालेले टाळकरी. एका गृहस्थांच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता, "शुगर आहे का?" असे विचारताच त्यांनी नजर चुकवली. त्यांना मी हात लावला नाही, पाठी लागून वैद्यकीय पथकाच्या गाडीकडे नेले. माझ्या हातून काय होते आणि काय होत नाही, याची सीमा सांभाळणे हा या कामाचा निम्मा भाग आहे, आणि उत्साही सेवेकऱ्यांना तो फारसा आवडत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

जेजुरीत पालखीवर भंडारा उधळला गेला आणि माझ्या साऱ्या पट्ट्या पिवळ्या झाल्या. वाल्ह्याच्या मुक्कामात औषधांची पिशवी मी विसरलो. नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घातले जात असताना सारा समाज हात जोडून उभा होता आणि मी पिशवीच्या काळजीत होतो. संध्याकाळी लोणंदला समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या गोळा झाल्या. चोपदारांनी दंड उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते आणि तिचे गाऱ्हाणे तिथल्या तिथे ऐकले जाते. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूही तिथेच पुकारल्या जातात. माझी पिशवी पुकारली गेली. आत दोन पट्ट्या कमी होत्या, आणि ती आणून देणाऱ्या पोऱ्याच्या दोन्ही टाचांना त्या व्यवस्थित लावलेल्या होत्या.

तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावतो ते, झाले, आणि पुढच्या टप्प्यात फलटण आले. ठरल्याप्रमाणे मी घरी गेलो. गरम पाण्याने अंघोळ केली, आमटीभात करून खाल्ला, गादीवर पडलो. इतक्या दिवसांनी पंखा होता, भिंती होत्या, आणि झोप येईना. मैदानाकडून मृदंगाचा आवाज मधूनच ऐकू येत होता. मला साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. पहाटे तीनच्या सुमारास एवढेच आठवले, की मावशींच्या टाचेची पट्टी बरडच्या मुक्कामी बदलायची आहे, आणि मी बदलली नाही तर ती परत सुईत दोरा ओवील. मी उठून दुकान उघडले, फळीवरचा सगळा गॉज पिशवीत भरला आणि पायरीवर क्षणभर उभा राहिलो. पत्नी जिथे उभी राहत असे, तीच पायरी. मग शटर ओढून मैदानाकडे चालू लागलो.

बरडला फोड मला आला. उजव्या तळव्याच्या मधोमध, आणि पाठ ताठरल्यामुळे हात तिथवर पोचेना. दिवसभर लंगडत चाललो, पण कोणाला सांगितले नाही. मावशींनी ते केव्हाच हेरले होते. त्यांनी पाय मांडीवर ओढून घेतला, स्वतःच्या पदराने पुसला, सुई माझ्याच जंतुनाशकात बुडवली आणि माझ्याकडे न बघता दोरा ओवला. मी तोंड उघडले. "गप," त्या म्हणाल्या. डबे परत करणारा मी, त्या पिवळ्या उजेडात एका परक्या बाईच्या मांडीवर पाय ठेवून गप्प बसलो. दोरा सकाळपर्यंत आत राहिला. शास्त्राच्या दृष्टीने ते चूकच होते आणि मी कोणालाही तसे करायला सांगणार नाही. पण पायाचे दुखणे उतरले, हेही खरे.

त्यानंतर मी पाणी घेऊ लागलो. कोणी तांब्या पुढे केला की घेत होतो, कोणी केळे दिले तर खात होतो. हरिपाठाला मी आधीपासून बसत असे, ओठ मिटून. नातेपुत्यापासून पुढे ओठ हलू लागले. श्रद्धा परत आली असे म्हणावे तर ती पूर्वीही इतकीच होती की काय, अशी शंका येते.

वेळापूरच्या अलीकडे धावा असतो. तुकाराम महाराजांना तिथून विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते पंढरीच्या ओढीने धावत सुटले, असे सांगतात. म्हणून तिथे सारे वारकरी उतारावरून धावतात. "मावशी, तुम्ही धावायचं नाही," असे मी दोनदा बजावले होते. विणेकरी पुढे गेले, पताका हलल्या, आणि डोक्यावरची तुळस एका हाताने सावरीत मावशी निघाल्या. त्यांच्या टाचेची पट्टी सुटून मागे फरफटत होती. ती पकडायला म्हणून मी मागोमाग पळालो, आणि थोड्या वेळाने लक्षात आले की पट्टी केव्हाच मागे पडली आहे आणि मी अजून पळतोच आहे.

२९ जूनला आषाढी एकादशी होती. दर्शनाच्या रांगेला मी उभा राहिलो नाही. कळसाला हात जोडले आणि महाद्वाराशी नामदेव पायरीवर डोके टेकले. संतांच्या आणि वारकऱ्यांच्या पायांची धूळ मस्तकी पडावी म्हणून नामदेवांनी ती जागा निवडली, असे लहानपणापासून ऐकले होते. तिथे डोके टेकवून मी काय मागितले ते आठवत नाही. बहुधा काही मागितले नव्हते.

चंद्रभागेच्या वाळवंटात मावशी पाय पसरून बसल्या होत्या. "काढ आता हे," त्या म्हणाल्या. मी कात्रीने शेवटची पट्टी कापली. खालची कातडी गुलाबी आणि कोवळी होती. त्यांनी टाच वाळूवर एकदा दाबून पाहिली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या, आणि लुगडे जरासे वर धरून पाण्यात उतरल्या.