डिझेल शेगडीची वही: पेटवणी ६ ते ११

अकराव्या पेटवणीला काच काळी झाली नाही. संध्याकाळी आठला पेटवलेली शेगडी पहाटे पाचला विझवली, आणि तेव्हाही काचेतून ज्योतीचं निळं बूड दिसत होतं. पहिल्या पाच पेटवण्यांत अर्ध्या तासात काचेवर काजळी धरायची, त्यामुळे त्या पाचांबद्दल फार लिहीत नाही. तेव्हा मी सगळा दोष डिझेलवर ढकलत होतो. फिल्टर बदलला, टाकी धुतली, रेग्युलेटर (डिझेलची ठिबक ठरवणारा भाग) दोनदा खोलला. डिझेल निर्दोष सुटलं. घोळ हवेचा होता.

आधी मांडणी. नऊ मीटरची शिडाची बोट, आतून बरीचशी मोकळी. शेगडी ठिबक जातीची: पंप नाही, ग्लो प्लग (विजेवर तापून इंधन पेटवणारी कांडी) नाही, वीज लागत नाही. आठ लिटरची छोटी टाकी शेगडीपेक्षा उंचावर आहे, तिथून डिझेल आपल्याच वजनानं रेग्युलेटरमध्ये उतरतं. आतला फ्लोट (तरंगणारा भाग) पातळी सांभाळतो, बाहेरची चकती १ ते ६ अशी फिरवली की ठिबक वाढते. खाली पोलादी भांडं, त्याच्या भिंतीला हवेची भोकं, वर धुराडं. पंख्यावाल्या हीटरची सवय असलेल्यांना हे जुनाट वाटेल. वाटू दे. रात्रभर बॅटरी न खाता, घुं-घुं न करता चालणारं दुसरं काही मला माहीत नाही.

पेटवणी ६

आता पेटवण्याचा क्रम बसला आहे. चकती बंद आहे ना ते बघायचं. टॉर्च मारून भांड्याचा तळ बघायचा, तो कोरडा हवा. मग सगळ्यात आधी धुराडं तापवायचं. ही पायरी मी पाच वेळा गाळली होती. थंड धुराड्यात थंड हवेचा खांब उभा असतो आणि तो वर जायला तयार नसतो. टिश्यू पेपरचा पीळ धुराड्याच्या तोंडाशी जाळला की मिनिटाभरात ओढ लागते. पेपरची ज्योत वाकून वर ओढली गेली की समजायचं.

त्यानंतर भांड्यात दोन चमचे स्पिरिट ओतून पेटवायचं. डिझेल द्रव म्हणून जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि साधारण ५५ अंशांच्या खाली पेट घेण्याइतकी वाफ ते सोडतच नाही. स्पिरिटचं काम भांड्याचा तळ तापवणं, एवढंच. ज्योत निम्म्यावर आली की चकती १ वर. लवकर उघडली तर गार तळावर डिझेलचं डबकं साचतं, उशीर केला तर स्पिरिट संपून पांढरी वाफ उठते. पहिला थेंब पोचायला माझ्याकडे दीड मिनिट लागतं. हे एकदा घड्याळ लावून मोजलं आणि त्यानंतर अंदाज करणं सोडलं.

मग वीस मिनिटं चकतीला हात लावायचा नाही. सगळ्यात अवघड पायरी हीच, कारण थंडीत बसलेल्या माणसाची बोटं आपोआप ३ कडे जातात.

पेटवणी ७

याच दिवशी माझी बोटं ३ कडे गेली. भांडं पुरतं तापलं नव्हतं, डिझेल साचलं, ज्योत विझली आणि काचेमागे पांढरा धूर भरला. इथे मी गाढवपणा केला. चकती बंद केली हे खरं, पण पाच मिनिटांतच झाकण उघडून पुन्हा स्पिरिट ओतायला गेलो. भांडं गरम, खाली डिझेलची वाफ, वरून स्पिरिट. भप्प! उजव्या हाताचे केस गेले, डाव्या भुवईचा एक कोपरा गेला. बाटली जवळजवळ रिकामी होती म्हणून पुढचं टळलं. धाकटा भाऊ शेजारच्या बाकावर होता. तो फक्त म्हणाला, "दादा, आता बाहेर बसूया."

तेव्हापासून ज्योत गेली की चकती बंद, आणि भांड्याला उघडा हात लावता येईपर्यंत झाकण बंद. मला पन्नास मिनिटं लागली. मग तळातलं डिझेल चिंधीनं टिपून घ्यायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. तीस-चाळीस मिलिलिटर किरकोळ वाटतं. पण डिझेलच्या लिटरभरात सुमारे १० किलोवॉट-तास ऊष्णता असते, म्हणजे त्या डबक्यातही किलोवॉटचा हीटर वीसेक मिनिटं चालेल एवढी ऊब दडलेली असते. ती एकदम सुटली की शेगडी धडधडायला लागते: ज्योत हवेचा घोट घेते, गुदमरते, पुन्हा घोट घेते.

पेटवणी ८, आणि हवेचा हिशोब

लिटरभर डिझेल पूर्ण जळायला साधारण १० घनमीटर हवा लागते, तीही काटेकोर हिशोबानं. प्रत्यक्षात शेगडी याहून बरीच जास्त ओढते. तासाला पाव लिटरच्या आत जाळणारी शेगडी म्हणजे तासाला तीन-चार घनमीटर हवा. ती कुठूनतरी आत यायला हवी. मी थंडी वाजते म्हणून बोट डबीसारखी बंद करून बसलो होतो. ज्योत पिवळी, आळशी, टोकाला धूर. आणि मग भाऊ म्हणाला, "दादा, बिल्जचा वास येतोय." बिल्ज म्हणजे बोटीच्या तळाची, घाण पाणी साचणारी जागा.

वास कालही तिथेच होता, आज तो वर खेचला जात होता. शेगडीला हवा मिळेना म्हणून ती फळ्यांच्या फटींतून, नांगराच्या कोठीतून, तळातून हवा ओढत होती. पुढचं हॅच (डेकवरचं झाकण) दोन बोटं उघडलं आणि दहा सेकंदांत ज्योत ताठ झाली, बूड निळं, टोक पिवळं. बिल्जचा वासही गेला. (बिल्ज धुवायचं काम मात्र अजून बाकी आहे.)

पेटवणी ९

या वेळी वारा होता. नांगर टाकून होतो, बोटीची नाळ (पुढचं टोक) वाऱ्याकडे, केबिनचं दार मागे. धूर डोळ्यांना लागू नये म्हणून मी मागचं दार अर्धं उघडलं. तर्क साधा होता, हवा मिळेल. झालं उलटं: ज्योत खाली दबली, भांड्याच्या भोकांतून धूर केबिनमध्ये आला आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. पडद्यावर ४३ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४३ भाग. शेगडी बंद, बोटीची सगळी हॅच उघडी, दोघंही डेकवर.

बाहेर कुडकुडत बसून वहीत गणित मांडलं. धुराड्यातला धूर सरासरी १५० अंश आणि बाहेरची हवा ५ अंश धरली तर दर मीटर उंचीमागे सव्वाचार पास्कलच्या (पास्कल हे दाबाचं एकक) आसपास ओढ मिळते. माझं धुराडं १.४ मीटर, म्हणजे ६ पास्कल. एक मिलिमीटर पाण्याचा दाबसुद्धा जवळजवळ १० पास्कल असतो! आणि सेकंदाला १० मीटरचा वारा, म्हणजे जेमतेम २० नॉट, समोर अडला तर ६० पास्कलच्या वर दाब टाकतो. धुराड्याच्या दहापट. मागचं दार वाऱ्याच्या आडोशाला होतं. तिथे दाब कमी असतो, त्यामुळे ते उघडलं की हवा आत येण्याऐवजी केबिनमधलीच बाहेर खेचली जात होती, आणि तिची भरपाई धुराड्यातून उलटी होत होती.

म्हणून हवा नेहमी वाऱ्याच्या बाजूनं घ्यायची. आता पुढचा व्हेंट (हवेचं भोक) उघडा आणि मागचं दार घट्ट बंद. ज्यांचा धूर आत येतो त्यांनी धुराड्याची टोपी बदलण्याआधी हे एकदा करून बघावं. मीही टोपी शोधायला लागलो होतो.

शिडाखाली चालताना हे जमत नाही. मुख्य शिडावरून घसरणारी हवा थेट धुराड्याच्या डोक्यावर उतरते, वर बोट कलली की फ्लोट पातळी चुकवतो. शीड चढवायच्या आधी शेगडी बंद, हा माझ्यापुरता नियम.

अलार्म आता दोन आहेत, एक शेगडीपासून दूर आणि एक झोपायच्या जागेशी. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि डोकं दुखायला लागतं तेव्हा माणूस थकव्याला दोष देऊन आडवा होतो.

पेटवणी १०

नांगरावर असताना लावायला ६० सेंटिमीटरचा नळीचा तुकडा केला. धुराडं आता २ मीटर, गणितानं साडेआठ पास्कल. फरक कागदावर किरकोळ, काचेवर ठळक. बाकी काम साफसफाईचं: भांड्यात डिझेल येतं त्या नळीच्या तोंडाशी कोळशाची कडक खपली धरली होती, ती तारेनं फोडली. चकती तीच असून ठिबक दर वेळी कमी का होत होती, ते तेव्हा कळलं.

पेटवणी ११

नऊ तासांत १.२ लिटर गेलं, म्हणजे तासाला १३० मिलिलिटरच्या आसपास. इंधनाच्या हिशोबानं सव्वा किलोवॉटच्या वर, त्यातली बरीच धुराड्यातून गेली. बाहेर ४ अंश, बसल्या डोक्यापाशी २४, पावलांपाशी जेमतेम १३. छताला लावलेला छोटा १२ व्होल्टचा पंखा खाली वळवला तर पावलांपाशी १७ झाले. म्हणजे "वीज लागत नाही" हे वर लिहिलेलं अर्धसत्य समजा.

खिडक्या सकाळी कोरड्या होत्या. लिटरभर डिझेल जळताना लिटरभराहून थोडं जास्तच पाणी तयार होतं. ते धुराड्यातून बाहेर गेलं. बिनधुराड्याच्या हीटरमध्ये हेच पाणी गादीखाली सापडतं.

विझवण्याआधी पंधरा मिनिटं चकती ४ वर ठेवली, भांड्यातली काजळी जळून जावी म्हणून. डेकवर मात्र काजळीचे तुकडे पडले आणि एकावर माझाच पाय पडला.

पुढच्या खेपेला धक्क्याला बांधून, वारा मागून असताना पेटवायची आहे. तेव्हा मागचं दारच वाऱ्याची बाजू असेल, म्हणजे सगळं उलटं करावं लागणार. ६० सेंटिमीटरच्या तुकड्याला आधाराची तारही लावायची आहे. काल रात्री तो दोनदा हलताना ऐकू आला.