उडणारे आणि न उडणारे

विमानाने जायचे नाही असे कोणी ठरवले, की त्याला कारण विचारले जाते. विमानाने जाणाऱ्याला मात्र कोणी काही विचारत नाही. वास्तविक जमिनीपासून दहा किलोमीटर उंचीवर, उणे पन्नास अंशांच्या आसपासच्या विरळ हवेतून, ताशी सुमारे नऊशे किलोमीटर वेगाने, दोन-तीनशे अनोळखी माणसांबरोबर बंद दाराआड बसून जाणे, हीच खुलासा मागावा अशी गोष्ट आहे. पण ती इतकी अंगवळणी पडली आहे, की खुलाशाची जबाबदारी जमिनीवर राहणाऱ्याच्या गळ्यात आली. मला दोन्ही बाजूंच्या कारणांविषयी कुतूहल आहे, आणि माणसे सांगतात ते कारण व त्यांच्या मनातले कारण बहुधा निरनिराळे असते, असे माझे मत होत चालले आहे.

भीती हे सर्वांत जुने कारण, आणि आकड्यांपुढे सर्वांत कमी नमणारे. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मांडलेल्या हिशेबानुसार २०१८ ते २०२२ या वर्षांत जगभरात प्रवासी विमानात चढण्याच्या दर १ कोटी ३७ लाख प्रसंगांमागे एका प्रवाशाचा मृत्यू झाला. घाबरणाऱ्या माणसाला हे सांगून पाहावे. तो मान डोलावतो, आकडा मान्य करतो आणि रेल्वेचे तिकीट काढतो. त्याला अडाणी ठरवण्याची घाई करू नये, कारण तो मरणाचा हिशेब करतच नसतो. जिथे आपल्याला काही करता येणार नाही, कोणाला थांबवता येणार नाही आणि मधेच उतरताही येणार नाही, अशा जागी जाऊन बसण्याची ती भीती असते. मोटारीचे चाक स्वतःच्या हातात असले, की धोका प्रत्यक्षात जास्त असूनही अंगावर येत नाही. या समजुतीची किंमत मोठी असू शकते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत असंख्य लोकांनी विमान सोडून रस्ता धरला, तेव्हा पुढच्या वर्षभरात त्यापायी सुमारे दीड हजार माणसे रस्त्यांवर अधिक मेली, असा अंदाज जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांनी मांडला आहे. विमान हादरू लागले की खिडकीतून लवणाऱ्या पंखाकडे पाहून ज्यांचा श्वास अडकतो, त्यांना हेही सांगता येईल, की सेवेत अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार पंखाने किमान तीन सेकंद सोसला पाहिजे, अशी अट असते आणि तो लवतो म्हणूनच टिकतो. सांगता येईल, उपयोग होईलच असे नाही. डेनिस बर्गकॅम्प हा डच फुटबॉलपटू १९९५ ते २००६ या काळात आर्सेनल या इंग्लिश संघाकडून खेळला. प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीत इतक्या थंड डोक्याने चेंडू थोपवणारा खेळाडू विरळा, पण त्या काळात विमानात तो बसला नाही. जवळच्या देशांतले सामने त्याने रस्त्याने आणि रेल्वेने जाऊन खेळले, दूरचे सोडून दिले.

भीती नसलेली पुष्कळ माणसे विमानतळाला कंटाळून विमान टाळतात. रांगा, पट्टा काढणे, बाटली फेकून देणे, तपासनीसासमोर हात वर करून उभे राहणे, या सगळ्यात काहीसा अपमान आहे हे खरे. गंमत अशी, की हा जाच आणि ती सुरक्षितता ही दोन्ही एकाच सवयीची अपत्ये आहेत. उड्डाणाच्या व्यवसायाला विसरण्याची मुभा नाही. प्रत्येक अपघात तिथे नियम होऊन उरतो. १९५४ मध्ये दोन कॉमेट जेट विमाने आकाशातच फुटली, तेव्हा वारंवारच्या दाबाने थकलेल्या पत्र्याला छताच्या झरोक्याच्या कोपऱ्याशी तडा गेल्याचे निष्पन्न झाले, आणि पुढील विमानांच्या सांगाड्याची व खिडक्यांची रचना करताना हा धडा ध्यानात ठेवला गेला. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर धुक्यात दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळून ५८३ माणसे गेली. त्यानंतर नियंत्रण कक्षाशी बोलण्याचे शब्द काटेकोरपणे ठरवले गेले आणि कनिष्ठ वैमानिकाने वरिष्ठाला वेळीच हटकले पाहिजे, हे शिकवले जाऊ लागले. २००१ नंतर वैमानिकांच्या कक्षाचे दार अभेद्य झाले, आणि द्रव स्फोटकांचा कट २००६ मध्ये उघडकीस आल्यावर हातातल्या सामानातले द्रवपदार्थ १०० मिलिलिटरच्या बाटल्यांत आले. आपली पाण्याची बाटली टोपलीत जाते, तेव्हा ती या प्रदीर्घ स्मरणशक्तीच्या खात्यात जमा होते. पाय ठेवायच्या जागेचे मात्र असे समर्थन करता येणार नाही. आसनांच्या दोन रांगांमधले अंतर काही विमानांत २८ इंचांवर आले आहे, आणि ते कोणत्याही अपघाताच्या चौकशीने कमी केलेले नाही; तो निव्वळ नफ्याचा हिशेब आहे.

टाळणाऱ्यांतला एक वर्ग मला सर्वांत समंजस वाटतो. तो उड्डाण टाळत नाही, विशिष्ट विमान टाळतो. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने कोसळून ३४६ माणसे मृत्युमुखी पडली, आणि विमानाचे नाक आपणहून खाली दाबणाऱ्या एका यंत्रणेची माहिती वैमानिकांच्या पुस्तिकेतच नव्हती, हे पहिल्या अपघातानंतर बाहेर आले. जानेवारी २०२४ मध्ये त्याच कुळातल्या एका विमानाची, दाराच्या जागी बसवलेली बाजूची झडप भर उड्डाणात निखळली. ती धरून ठेवणारे बोल्ट बसवलेच नव्हते. तेव्हापासून तिकीट काढताना विमानाची जात वाचणारी माणसे वाढली. त्यांना यंत्राची भीती वाटत नाही. आपल्यापासून काही लपवले गेले, याचा त्यांना राग आहे, आणि अपघातांचे प्रमाण कितीही कमी असले तरी त्या रागाचे निरसन होत नाही.

शरीराची कारणे थोडक्यात सांगता येतील, कारण ती वादातीत आहेत. विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका ठेवलेला असतो, आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली जाते, आणि ज्याचे फुप्फुस किंवा हृदय आधीच थकलेले आहे त्याला वैद्याने मनाई केली, की प्रश्नच मिटतो. चाकांच्या खुर्चीवर जगणाऱ्या प्रवाशाची अडचण मात्र फारशी बोलली जात नाही. त्याची खुर्ची सामानाबरोबर तळाशी जाते, आणि ती मोडून परत आली तर त्याचे पायच मोडल्यासारखे होते.

अलीकडे विवेकाचे कारण पुढे आले आहे. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात विमानांचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे, आणि त्यांच्यामागे उमटणारे पांढरे पट्टे उष्णता अडवून त्यात भर घालतात. २०१८ च्या सुमारास स्वीडनमध्ये विमानप्रवासाची लाज बाळगण्याची चळवळ सुरू झाली. तिथलीच तरुण पर्यावरण कार्यकर्ती ग्रेटा थुनबर्ग २०१९ मध्ये शिडाच्या नौकेने अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोचली. फ्रान्सने २०२३ मध्ये, जिथे रेल्वेने अडीच तासांच्या आत जाता येते, अशा मोजक्या देशांतर्गत मार्गांवरची उड्डाणे बंद केली. या निर्धाराविषयी मला आदर आहे, पण त्यामागची मोजदाद पाहिली की तो कोणासाठी आहे हे स्पष्ट होते. एका अभ्यासानुसार २०१८ मध्ये जगातील सुमारे ११ टक्के लोकांनीच विमानप्रवास केला, आणि प्रवासी विमानांच्या निम्म्याहून अधिक उत्सर्जनाला जगातील जेमतेम एक टक्का माणसे कारणीभूत होती. म्हणजे न उडणाऱ्यांचा सर्वांत मोठा समुदाय ना घाबरतो, ना लाजतो. त्याच्यापुढे निवड कधी आलेलीच नसते.

उडत राहणारे सांगतात की वेळ वाचतो. हे उत्तर मला अपुरे वाटते. १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली आणि दहा-पंधरा वर्षांत नियमित प्रवासी बोटी जवळजवळ नाहीशा झाल्या; ज्या अंतरासाठी पाच दिवस ठेवावे लागत, त्याला काही तास पुरू लागले. मग माणसांनी आपली आयुष्ये त्या तासांच्या भरवशावर मांडली. मुले दुसऱ्या खंडात स्थिरावली, लग्ने समुद्रापलीकडे झाली, रजा मोजक्या दिवसांच्या झाल्या. आधी विमानाने ही अंतरे सोयीची केली आणि आता तीच अंतरे विमान सोडू देत नाहीत. आईच्या आजारपणाचा निरोप आलेल्या माणसाला वेळ वाचवायचा नसतो, त्याला वेळेवर पोचायचे असते, आणि तत्त्वाने न उडणाराही त्या रात्री तिकीट शोधतो. याशिवाय एक कारण आहे, जे प्रौढ माणसे सहसा कबूल करत नाहीत: खिडकीजवळची जागा मिळावी आणि ढग वरून दिसावेत, ही निखळ हौस.

२०२० च्या महासाथीत या सगळ्या कारणांची आपोआप परीक्षा झाली. आदल्या वर्षी जगभरात साडेचार अब्जांच्या घरात असलेली प्रवासीसंख्या दोन अब्जांच्याही खाली आली, आणि ज्याला त्याला आपल्या प्रवासाची गरज नव्याने तपासावी लागली. बंधने सैल होताच आधी परतले ते आप्तांना भेटायला आणि सहलीला निघालेले लोक. कार्यालयाच्या बैठकांसाठी उडणारे त्यांच्या मागून, रेंगाळत आले; त्यांच्या पुष्कळशा बैठका पडद्यावरच राहिल्या आणि त्याबद्दल फारसे कोणी हळहळल्याचे ऐकिवात नाही.