वज्री, पंचा आणि नेलकटर

पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराच्या न्हाणीघरात पितळी वज्री असायची आणि आजी तिने आमच्या टाचा लाल होईपर्यंत घासून काढी. स्वच्छता म्हणजे घासणे, हा समज माझ्या मनात चाळिशीपर्यंत टिकला. हिवाळ्यात निफाडचा पारा उतरला, की इकडे नाशकात मी कढत पाण्याने, दोनदा साबण लावून अंघोळ करी आणि तरीही पोटऱ्यांवर पांढऱ्या रेघा का उमटतात, टाचांना भेगा का पडतात, याचे नवल करी. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, म्हणजे साधारण ५ सामूचा (सामू म्हणजे pH, आम्ल-अल्कतेचे माप) असतो, तर नेहमीच्या साबणाच्या वडीचा सामू ९ ते १० भरतो. त्यात कढत पाणी त्वचेचे नैसर्गिक तेल धुऊन नेते, तेव्हा भेगा मीच पाडत होतो. आता पाणी कोमट असते, साबण काखा, जांघा आणि पावलांपुरता लागतो आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल लावतो. वज्री टाकलेली नाही, मात्र ती भिजलेल्या टाचेवर हलकेच फिरते आणि उघड्या भेगेवर अजिबात नाही. मधुमेह असलेल्यांनी तर तिच्या वाटेला जाऊच नये.

पावसाळ्यात दुखणे उलटे असते. दिवसभर ओल्या बुटांत राहिले, की करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात चिखल्या होतात, कारण बुरशीला ऊब आणि ओल दोन्ही तिथे मिळतात. पाय धुण्याइतकेच प्रत्येक बेचके पंचाने कोरडे करणे महत्त्वाचे आहे, हे मला मलमाच्या तीन नळ्या संपल्यावर पटले. बूटही आता दोन जोड ठेवले आहेत, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरा घालता येतो.

नखांच्या बाबतीत मी सर्वांत अडाणी होतो. पायाच्या अंगठ्याचे नख कोपऱ्यात खोलवर गोल कापण्याची मला सवय होती. शेवटी ते मांसात रुतले आणि पू झाला. पायाचे नख सरळ रेषेत कापावे आणि नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी सोलू नये, कारण तीच जंतूंची वाट अडवते आणि ती निघाली की नखुरडे होण्याचा धोका वाढतो. घरात एकच नेलकटर सर्वांच्या हाती फिरे, तेही बंद केले. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, पायाच्या अंगठ्याचे मात्र पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष लागते. माझे अजून अर्धेच आले आहे.