पाय टेकायचा नाही

रविवार, रात्री साडेदहा

उजवा अंगठा वळत नाहीये. दिवसभर त्यानेच रेस दिली. एटीव्हीला, म्हणजे रानावनात चालवायच्या जाड टायरांच्या चारचाकी बाइकला, मूठ पिळायची नसते, मुठीखाली एक खटका असतो, तो अंगठ्याने दाबायचा. खड्ड्यात हँडल हिसकलं तर चुकून मूठ पिळली जाऊन गाडी उधळू नये, म्हणून. सोय चांगली आहे, पण मोबाइलवर हे टाइप करताना कळ येतेय.

गाडी मामेभावाची. जुनी पोलारिस फीनिक्स २००, १९६ सीसी, बिनगिअरची. पासिंग नाही, त्यामुळे रस्त्यावर चालवायची नाही. छोट्या हत्तीवर चढवून नाशिकजवळ गिरणाऱ्याला मामांच्या मळ्यात नेली, मागून मी माझ्या बाइकवर. वाटेत पंक्चरवाल्याकडे हवा बघायला थांबलो. या टायरांना चार पौंडांच्या आसपासच हवा लागते, आणि त्याच्या मीटरचा काटा दहाच्या खाली हलेना. "एवढ्या हवेवर सायकलपण चालत नाही," म्हणाला. शेवटी भावाने आपला छोटा मीटर काढला.

बारा वर्षं बाइक चालवतोय, मला काय शिकवायचं, अशा थाटात मी बसलो. बागांमधली मुरमाची पाणंद, पहिलंच वळण. हँडल वळवलं, गाडी सरळच! मागची दोन्ही चाकं एकाच सलग धुऱ्यावर, दोन्ही सारखीच फिरणार. वळायचं तर आतलं चाक थोडं घसरलं पाहिजे, आणि त्यासाठी बूड उचलून अंगाचा भार नीट हलवावा लागतो. बाइक आपल्याबरोबर झुकते, ही झुकत नाही. झुकायचं आपणच. मी मात्र ताठ बसलेलो. द्राक्षाच्या मांडवाचा अँगल हातभर राहिला तेव्हा ब्रेक लागला. बांधावरून मामा ओरडले, "भाच्या, वेल फुटंल पुन्हा, तो अँगल नाही फुटायचा!"

काळ्या रानाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. परवाच्या पावसाने चिखल झालेला, चाकांच्या भाकरी झाल्या, ढकलून बाहेर काढली.

खरी अद्दल घडली ओढ्यात. पात्र कोरडं, गोटे नारळाएवढे. धुऱ्याखालची चेन आणि चकती दगडाला लागू नये म्हणून मी उंच दगडावरून चाक न्यायला गेलो आणि गाडी डावीकडे कलली. बाइकवर अशा वेळी माणूस काय करतो? पाय टेकतो. मीही टेकला. पुढच्या क्षणी मागचं चाक बुटाच्या टाचेवर. गाडी अगदी मुंगीच्या पावलाने चालली होती आणि टायर मऊ होतं, म्हणून टाच वाचली. बुटाची शिवण गेली. भाऊ एकदम गप्प झाला, मग म्हणाला, "दादा, ही उलटतेय असं वाटलं तरी पाय फूटरेस्टवरच. अंग टाक वरच्या बाजूला." तो माझ्याहून सात वर्षांनी लहान. मी मान डोलावली.

दुपारनंतर जमत गेलं. चढाला पुढे वाकायचं, उताराला मागे सरकायचं, तिरक्या उतारावर डोंगराच्या बाजूला लटकायचं. गाडी कमी, कवायत जास्त.

धरणाच्या काठाला गाळावर पळवायचं ठरवलं होतं. तिथे पोचलो तर पाणी हटलेल्या जमिनीत कुणी गाळपेर केलेली, काकडीचे वेल अंगठ्याएवढे. परत फिरलो. भावाच्या एका मित्राचा फोन, अंजनेरीच्या डोंगरावर चढवू या म्हणे. ते राखीव संवर्धन क्षेत्र आहे. अंजनेरीचंच नाव मिळालेली सेरोपेजिया ही दुर्मीळ वनस्पती तिथल्या गवतात उगवते, तिच्यावरून हे खरखरीत टायर फिरवायचे? मी नाही म्हटलं, भावानेही.

संध्याकाळी माझ्या बाइकवरून घरी निघालो. गंगापूर रोडला सिग्नल लागला, ब्रेक दाबला, आणि दोन्ही पाय फूटरेस्टवरच! बाजूच्या रिक्षावाल्याने हात देऊन सावरलं.