ईएसआर फक्त २

सोमवारची ओपीडी, त्यात पाऊस. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये अकरा वर्षांचा मुलगा आईला टेकून बसला होता. "हाडं फुटून राहिली म्हणते जी ताई," आई सांगत होती. बाहेर कुणीतरी दोन वर्षं संधिवाताच्या गोळ्या चालवल्या होत्या.

हिमोग्लोबिन ६.४. ईएसआर लावला, म्हणजे उभ्या नळीत लाल पेशी तासाभरात किती खाली बसतात ते पाहायची तपासणी. तासाने पाहते तर रक्त अवघं २ मिलिमीटर उतरलेलं! नमुन्यात गाठ असेल म्हणून काडी फिरवली. नव्हती. पुन्हा लावला, पुन्हा २.

रक्त इतकं कमी असताना ईएसआर चढायला हवा. लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर बसतात आणि त्या वजनाने भराभर खाली जातात. पण सिकलसेल आजारातल्या विळ्यासारख्या वाकड्या पेशींची चळत लागायची कशी?

सिकलसेलसाठीची सोल्युबिलिटी चाचणी केली (नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह), तर निगेटिव्ह. द्रावण थोडं धुरकट होतं, पण नळीमागच्या काळ्या रेघा दिसत होत्या. माझीच शंका आगाऊ वाटली. मग आठवलं, हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर रक्त दुप्पट घालायचं. २० ऐवजी ४० मायक्रोलिटर घातलं आणि पाच मिनिटांत नळी ताकासारखी गढूळ झाली. रेघा गायब.

तेवढ्यावर भागलं असतं, पण राहवेना. ऑक्सिजन काढून घेणारं मेटाबायसल्फाइट घालून स्लाइड केली, पर्समधल्या नेलपॉलिशने कडा बंद केल्या. सिकलसेलच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, फरक एवढाच. पण ऑक्सिजन सुटला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोर वळतं आणि पेशीला आतून ताणतं. माझ्यादेखत एक गोल पेशी कडेने चुरगळली, लांबली, दोन्ही टोकांना अणकुचीदार झाली. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत तुंबल्या की हाडं 'फुटतात'. शिवाय १२० दिवस जगायची पेशी १०-२० दिवसांत संपते, मग रक्त भरणार कुठून?

इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आला: मुलगा एसएस, म्हणजे दोघांकडून सदोष जनुक आलेला; आई-वडील दोघंही एएस, म्हणजे एकेकच सदोष जनुक असलेले वाहक. वाहक म्हणजे काय ते समजावलं. आई बराच वेळ गप्प होती.

"मोठीची सोयरीक झाली जी. तिचं रक्त तं घ्याच. अन् त्या पोराले बी आणू का?"

"आणा," म्हटलं. "बारा वाजायच्या आत या."