आमची वाटचाल : पुस्तकांच्या फळीवरचा उजेड

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या खोलीत बाबांचं पुस्तकांचं कपाट पोटमाळ्याखाली आहे. खोलीतला सगळ्यांत अंधारा कोपरा तोच. ट्यूबलाइट दारावर, त्यामुळे कपाटासमोर उभं राहिलं की आपलीच सावली पुस्तकांवर पडते. बाबा वर्षानुवर्षं टॉर्च घेऊन पुस्तक शोधायचे. २०१६ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी दारातून पाहत होतो. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताने पुस्तक ओढताहेत, आणि पुस्तक काही निघत नाही. दाटीवाटीने लावलेलं पुस्तक काढायला दोन हात लागतात. एका हाताने शेजारची पुस्तकं मागे धरायची, दुसऱ्याने हवं ते अलगद ओढायचं. शेवटी त्यांनी टॉर्च काखेत धरला, आणि ओढता ओढता जुन्या बांधणीचं वरचं कापड फाटलं. "राहू दे, उद्या दिवसा बघतो," म्हणाले. त्या कोपऱ्यात दिवसाही तेवढाच अंधार असतो.

तेव्हा मला लोहार चाळीत एका घाऊक दुकानात काउंटर सांभाळायला लागून १४ वर्षं झाली होती. मुंबईत विजेचं सामान म्हटलं की माणूस लोहार चाळीत येतो. दिवसभर मी वायर, होल्डर, एलईडी पट्ट्या मोजून द्यायचो आणि घरी वडील काखेत टॉर्च धरून उभे. हे मला फार लागलं. पुस्तकांच्या कपाटात लावायचे दिवे बनवायचा आमचा धंदा त्या फाटलेल्या कापडापासून सुरू झाला, असंच मी मानतो.

वायर ओढून दिवा लावणं सोपं होतं, असं कुणालाही वाटेल. पण स्विचबोर्ड दाराशी, वायरिंग लाकडी पट्टीतून गेलेलं, कपाट पलीकडच्या भिंतीला. वायर न्यायची तर देवघरावरून न्यावी लागली असती. बाबांना ते मान्य नव्हतं. म्हणून सेलवरचा दिवा. पुढे कळलं की ही अडचण चाळीपुरती नाही. भाड्याच्या फ्लॅटमध्ये ११ महिन्यांचा करार असतो आणि भिंतीला भोक पाडायचं नाही ही मालकाची पहिली अट. पुस्तकं मात्र बिऱ्हाडाबरोबर घरोघर फिरतात.

पहिला दिवा मी दुकानातल्याच पट्टीचा केला. ६५०० केल्विनची पांढरीशुभ्र पट्टी, कारण बाजारात तीच सर्रास मिळते. कपाटाच्या आत मागच्या बाजूला चिकटवली, तीन ट्रिपल-ए सेल टाकले. पेटला तेव्हा कपाट उजळलं खरं, पण बाबा तरीही डोळे बारीक करून बघत राहिले. "माझी तांबड्या पुठ्ठ्याची पुस्तकं कुठली नि तपकिरी कुठली, कळत नाही रे." मला आधी ते वयाचं वाटलं. मग मी स्वतः वाकून पाहिलं. त्या उजेडात दोन्ही रंग सारखेच मळकट दिसत होते. स्वस्त एलईडीमध्ये लाल रंगाचा भाग फार कमी असतो. रंग किती खरे दिसतात याचं एक माप असतं, सीआरआय. ८० चा दिवा जिन्यात, गॅलरीत चालून जातो. पण ज्यांनी आयुष्यभर पुस्तकं पुठ्ठ्याच्या रंगावरून ओळखली, त्यांना ९० च्या वरचाच पाहिजे. त्या दिवसापासून आम्ही ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर उजेडाची, आणि ९० च्या वर सीआरआय यापेक्षा वेगळी पट्टी वापरलेली नाही. महाग पडते, पण वापरतो.

दुसरी चूक आमच्या सुतारकाकांनी दाखवली. मी पट्टी मागे लावली होती. ते म्हणाले, "उजेड पुस्तकाच्या पाठीमागे गेला. नाव तर पुढे आहे ना?" पुस्तकाचं नाव कण्यावर असतं आणि कणा आपल्याकडे तोंड करून असतो. म्हणजे दिवा वरच्या फळीच्या पुढच्या कडेला, खालच्या बाजूने, आत तिरका करून लावायला हवा. तसा लावला की डोळ्यांवर उजेड येतो, म्हणून फळीच्या कडेला आडोशाची इंचभर पट्टी खाली सोडायची, दिवा तिच्या आड जातो. सोनेरी अक्षरांच्या बांधणीवर सरळ उजेड पडला तर अक्षरं चमकतात आणि वाचता येत नाहीत, म्हणून वर दुधी प्लास्टिकचं झाकण. हे सगळं कळायला मला आठ महिने लागले. आजही गाळ्यातून माल निघण्याआधी आमची एकच परीक्षा असते : चार फुटांवरून, चष्मा असेल तर चष्मा लावून, फळीवरच्या प्रत्येक पुस्तकाचं नाव वाचता आलं पाहिजे.

२०१७ च्या दिवाळीनंतर नोकरी सोडली आणि भांडुपला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये अर्धा गाळा भाड्याने घेतला. हिशेब माझी बायको बघायची, अजूनही तीच बघते. सोल्डरिंगला जवळच राहणाऱ्या दोन ताई आल्या. त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी साफ आहे. पहिल्या वर्षी आम्ही सेल टाकायचे दिवेच विकले आणि त्याच वर्षी सगळ्यांत मोठा फटका बसला.

दादरच्या एक निवृत्त शिक्षिका बाई गणपतीला कोकणात गेल्या आणि महिन्याने परत आल्या. दिवा बंद पडलेला. उघडला तर सेलांभोवती पांढरी-हिरवी बुरशीसारखी साय, आणि खालच्या दोन पुस्तकांच्या कापडावर डाग. बाई तो दिवा पिशवीत घालून गाळ्यावर आल्या. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "यातलं एक माझ्या वडिलांचं होतं." मी त्यांना पैसे परत दिले, पण डाग कसा परत घेणार? अल्कलाइन सेल पूर्ण उतरल्यावर तसाच पडून राहिला की आत वायू साठतो, दाबाने झाकण सुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. जुना आणि नवा सेल एकत्र टाकला तर जुना लवकर मरतो आणि गळायची शक्यता वाढते. त्यांच्या दिव्यात एक सेल जुना होता. पण दिवा बनवणाऱ्याने हे आधीच धरून चालायला हवं. पुस्तकांच्या डोक्यावर गळणारी वस्तू ठेवणं ही माझी चूक होती. त्या महिन्यात आम्ही ट्रिपल-ए सेलचे दिवे बंद केले.

मग चार्जिंगच्या लिथियम सेलकडे वळलो. १८६५० नावाचा सेल : १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, ३.७ व्होल्टचा. तो शोधायला लॅमिंग्टन रोडला कितीतरी फेऱ्या मारल्या. बाजारात ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते याचं माप) लिहिलेले सेल सर्रास मिळतात. या मापाचा सेल एवढी वीज साठवूच शकत नाही, चांगल्यातला चांगला ३५०० च्या आसपास जातो. आम्ही मापून पाहिला तेव्हा ९९०० वाल्यातून ८०० निघाले. आता आम्ही फक्त आयएस १६०४६ ची, म्हणजे सेलच्या सुरक्षेच्या भारतीय मानकाची, नोंदणी असलेला २६०० चा सेल घेतो आणि प्रत्येक पेटीतले पाच सेल चार्ज करून, उतरवून बघतो. एका सेलमध्ये साधारण साडेनऊ वॉट-तास भरतात. एक वॉटचा दिवा रोज अर्धा तास लागला, तर मधली गळती धरून पंधरवडाभर चालतो. "महिनाभर चालेल" असं आम्ही कुणाला सांगत नाही.

चार्जिंगचा एक किस्सा सांगायलाच हवा, कारण तो आजही इतरांच्या मालात दिसतो. टाइप-सी सॉकेट बसवलेली आमची पहिली खेप जुन्या चौकोनी चार्जरवर उत्तम चालली आणि नव्या फोनच्या चार्जरवर, म्हणजे वायरीच्या दोन्ही टोकांना टाइप-सी असेल तर, चार्जच होईना. लोकांना वाटलं दिवा खराब. कारण निघालं ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर. ते नसतील तर नवा चार्जर वीज सोडतच नाही. चाळीस दिवे परत मागवले, दोन्ही ताईंनी तीन दिवस बसून ते रेझिस्टर घातले. तुम्ही कुठूनही दिवा घेतलात तरी दुकानातच नव्या चार्जरवर लावून बघा.

२०२० मध्ये टाळेबंदीत गाळा बंद होता. पण लोक घरात अडकले, कपाटं उघडली गेली आणि फोन यायला लागले. गाळा उघडल्यावर पहिल्या चार महिन्यांत जेवढे दिवे विकले गेले, तेवढे आधीच्या वर्षभरात गेले नव्हते. त्याच काळात एका सजावटकाराने मोठी ऑर्डर घेऊन पैसे दोन वर्षं रखडवले. बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या, सुटल्या. यावर जास्त लिहावंसं वाटत नाही.

सेन्सरबद्दल मात्र लिहायचंच आहे. माणूस समोर आला की आपोआप पेटणारा दिवा सगळ्यांना हवा असतो. हा सेन्सर अंगाची उष्णता हलली की ओळखतो. चाळीत दारं दिवसभर उघडी असतात. बाबांच्या कपाटावर लावला तर गॅलरीतून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला दिवा पेटायचा आणि चार दिवसांत सेल उतरायचा. म्हणून आता सेन्सरवर काळी टोपी घालतो, म्हणजे तो फक्त कपाटासमोरचा पट्टा बघतो. मे महिन्यात वेगळीच गंमत नाही, अडचण होते : खोलीचं तापमान अंगाच्या तापमानाजवळ गेलं की सेन्सरला माणूस नीट दिसत नाही. आणि काचेच्या कपाटात तो चालतच नाही, कारण ही उष्णता साध्या काचेतून आरपार जात नाही. आपल्याकडे घरोघर काचेची कपाटं. तिथे आम्ही दाराला छोटं चुंबक आणि आत रीड स्विच, म्हणजे चुंबकाने चालणारा स्विच, बसवतो. दार उघडलं की दिवा लागतो, मिटलं की बंद. मला हाच प्रकार सगळ्यांत आवडतो, कारण त्यात उजेड पुस्तकांवर गरजेपुरताच पडतो.

उजेडाने कागदाचं नुकसान होतं, हे लोक सहज विसरतात. संग्रहालयात कागदावरच्या नाजूक वस्तूंवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड पडू देत नाहीत, आणि किती वेळ पडला तेही मोजतात. एलईडीतून अतिनील किरण जवळजवळ येत नाहीत ही चांगली गोष्ट, पण रात्रभर दिवा लावून कपाट शोभेसाठी उजळायचं असेल तर मी नको म्हणतो. कसर लागू नये म्हणून दिवा लावतात तेही चुकीचं. कसरीला ओल आवडते, तिच्यावर उपाय म्हणजे पावसाळ्यानंतर पुस्तकं काढून पुसणं.

चिकटपट्टीही आम्ही सोडली. जुलैमध्ये रात्री दोन वाजता दिवा धाडकन खाली पडल्याचे तीन फोन आले. सनमायका स्पिरिटने पुसून लावली तर पट्टी टिकते, कच्च्या लाकडावर नाही. आता फळीखाली लोखंडाची पातळ पट्टी दोन छोट्या स्क्रूंनी बसवतो आणि दिव्यात चुंबक. चार्जिंगला दिवा ओढून काढायचा, परत टक्कन लावायचा. कपाट आपलं असतं, भिंत मालकाची, त्यामुळे भाडेकरूंनाही अडचण नाही. बोरिवलीचं एक जोडपं तिसऱ्या घरात तेच दिवे घेऊन गेलं. तिथे फळी दोन इंच लांब निघाली म्हणून फक्त पट्ट्या बदलून दिल्या.

कपाटाशेजारी हाताशी प्लग असेल, तर आम्ही सरळ सांगतो की आमचा दिवा घेऊ नका, पाच व्होल्टची वायरवाली पट्टी लावा, अर्ध्या पैशांत होईल. गेलेले सेल आमच्याकडे परत पाठवा, कचऱ्यात टाकू नका. ते आम्ही साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे देतो.

सध्या घोडं अडलंय ते सगळ्यांत खालच्या फळीवर. दिवाळी अंकांचे गठ्ठे तिथेच असतात, त्यांचा कणा पातळ, त्यावर नाव वाचता येईल न येईल, आणि वयस्कर माणसाला वाकवत नाही. उभ्याने वरून बघितलं तरी नाव दिसावं म्हणून उजेड कमी कोनात पण खालपर्यंत टाकणाऱ्या भिंगाचे तीन प्रकार करून पाहिले. तिसरा नमुना बाबांच्या खालच्या फळीवर लावलाय. चार्ज केल्याची तारीख ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतात. आज अकरावा दिवस आहे, आणि सकाळी त्यांचा फोन आला होता : डावीकडची दोन नावं अजून वाचता येत नाहीत.